अबकारीच्या वहीत नसलेला माणूस

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या वणी शहरात सात माणसं सॅनिटायझर पिऊन दगावली. करोनाची दुसरी लाट भरात होती, निर्बंधांमुळे दारूची दुकानं बंद होती. गेलेले बहुतेक हातावर पोट असलेले मजूर. दोन-तीन दिवस राज्यभरच्या वर्तमानपत्रांत वणीचं नाव आलं. वाचणाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, ‘एवढी कसली तलफ?’ मग ऑक्सिजनच्या आणि खाटांच्या बातम्यांखाली वणी दबून गेली.

मी वणीला लागून असलेल्या मारेगाव तालुक्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी झाली. सगळेच विषय शिकवले, पण जीव रमला तो इतिहासात. तलफ हे उत्तर मला पुरेना. एकाच गावात, एकाच वेळी इतकी माणसं हाताला लागेल ते पितात, तेव्हा दोष एकेकाच्या स्वभावावर टाकून भागत नाही. दारू आमच्या जिल्ह्यात कोणत्या वाटेने आली, ती कोणी विकली, कोणी मोजली, आणि पिणाऱ्याचं पुढे काय झालं हे कोणी विचारलं का, हे पाहावं लागतं. वाचत, विचारत, जुन्या माणसांशी बोलत मी जे जमवलं ते इथे मांडते आहे.

सगळ्यांत जुनी वाट मोहाच्या झाडाखालून जाते. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव हा आमचा आदिवासी पट्टा. गोंड, परधान आणि कोलाम इथले जुने रहिवासी. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुलं गळू लागतात. बाया आधीच झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करून ठेवतात आणि उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. अंगणात, छपरावर फुलं वाळत पडली की साऱ्या पोडाला गोडसर उग्र वास येतो. हे फूल आधी अन्न होतं. ते उकडून खात, पिठात मिसळून त्याची भाकरी करत, बैलाला चारत. बियांचं तेल निघे. पाऊस सुरू झाल्यावर घरातलं धान्य संपलेलं आणि शेतातलं अजून आलेलं नाही, अशा दिवसांत वाळलेल्या मोहानेच लेकरांची पोटं भरली.

त्याच फुलाची दारू निघे. फुलं पाण्यात काही दिवस आंबवायची, मग मडकं चुलीवर चढवायचं, वरच्या भांड्यात गार पाणी ठेवायचं आणि वाफेचे थेंब खाली धरायचे. पहिली धार सर्वांत तेज. ती पिण्याआधी चार थेंब जमिनीवर पूर्वजांच्या नावाने सोडायचे. जन्म, लग्न, मरण, पेरणीची पूजा, यांतलं कुठलंच कार्य तिच्याविना पुरं होत नसे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १९४० च्या दशकात पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद भागात राहून राजगोंडांचं आणि कोलामांचं जीवन टिपलं. त्यांचा राजगोंडांवरचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. नदीच्या अलीकडे आमच्याकडेही तेच देव आणि त्याच सोयरिकी. त्यामुळे तो ग्रंथ आमच्या केळापूरच्या माणसालाही आपलाच वाटावा असा आहे.

त्या काळी कोणी झिंगून पडत नसे, कोणाची बायको मार खात नसे, असं मी म्हणणार नाही. पण तेव्हाच्या दारूला तीन बंधनं होती. ती फुलांच्या साठ्याइतकीच निघे, म्हणून तिला ऋतू होता. ती कार्याच्या निमित्ताने निघे, म्हणून तिला दिवस ठरलेला होता. आणि ती जाणत्यांसमोर, भाऊबंदांत बसून प्यायली जाई, म्हणून कोणी हाताबाहेर गेला तर आवरणारे डोळे तिथेच असत. पुढे ही तिन्ही बंधनं एकेक करून गळून पडली.

पहिला घाव इंग्रजी अमलात बसला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. फौजेच्या खर्चाची थकबाकी हे त्याचं कारण. आमचा मुलूख पुढे वणीच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा झाला. १९०५ मध्ये पुसद त्याला जोडून आजचा यवतमाळ जिल्हा उभा राहिला. अबकारीचा मक्ता निजामाच्या राज्यातही दिला जायचा. इंग्रजांनी त्याला नकाशा, रजिस्टर आणि शिपाई जोडले. गावागावांत दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात निघू लागला. जो सर्वांत जास्त बोली लावील त्याचा गुत्ता. आता बोलीची रक्कम भरून काढायची तर विक्री वाढवायलाच हवी. ठेकेदाराने ती वाढवली. पुढे विखुरलेल्या भट्ट्या बंद करून दारू एका ठिकाणच्या सरकारी देखरेखीतल्या भट्टीत गाळायची आणि तिथून बाहेर पडतानाच कर घ्यायचा, अशी पद्धत आली. अबकारी धोरणाचं सूत्र तेव्हा मोठ्या अभिमानाने सांगितलं जाई : कमीत कमी पिणं आणि जास्तीत जास्त महसूल. या सूत्रातली महसुलाची बाजू दर वर्षी मोजली गेली. पिण्याची बाजू मोजायची झाली तर विकलेल्या गॅलनांत मोजली गेली. पिणारा माणूस त्या वहीत कुठेच नाही.

याच काळात जंगल राखीव झालं. मोहाचं झाड कोणाचं, फूल कोणी वेचायचं, घरात किती ठेवायचं, हे आता सरकार ठरवू लागलं. देवाला दाखवण्यापुरती घरी काढलेली दारू गुन्हा ठरली, आणि गुत्त्यावरून पैसे मोजून आणलेली दारू कायदेशीर. पूजा तर चुकवता येत नाही, मग गोंडाने, कोलामाने गुत्त्याची वाट धरली. बंधनांतलं पहिलं तुटलं ते इथे. गुत्ता बारमाही उघडा होता, त्याला फुलोऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती.

त्यातच कापूस आला. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला. धान्याच्या देवघेवीवर चालणाऱ्या गावांत रोख पैसा खेळू लागला. बाजारगावं वाढली, जिनिंगचे कारखाने आले. आठवडी बाजार, मजुरीचा हप्ता आणि गुत्ता यांची जी सांगड तेव्हा बसली ती आजतागायत सुटलेली नाही. आमच्या भागातल्या कुठल्याही बाजाराच्या दिवशी संध्याकाळी उभं राहून पाहा. मजुरी हातात पडते ती जागा आणि दारू मिळते ती जागा यांत फार पावलांचं अंतर नसतं. मीठ-मिरची घेऊन परतणारी बाई आपल्या माणसाला त्या दोन जागांच्या मध्येच गाठायची धडपड करत असते.

स्वातंत्र्याच्या लढ्यात दारूच्या दुकानांपुढची निदर्शनं हा गांधीजींच्या कार्यक्रमाचा भागच होता. आमच्या जिल्ह्यात त्याला जंगलाची जोड मिळाली. १० जुलै १९३० रोजी वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह केला. गवत आणि मोह दोन्ही एकाच कुलपात बंद होते, हे गावकऱ्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. १९३६ मध्ये गांधीजी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहायला आले. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी दारूबंदीचा कायदा झाला. कायद्याच्या आधीपासून आणि नंतरही खेड्यात खरं काम केलं ते कीर्तनांनी. गाडगेबाबा समोरच्या माणसाला सवाल टाकत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढत. दारू पिऊन घर विकलं का, पोराला शाळेत का घातलं नाही, बायकोला का मारतो, हे भर सभेत विचारणारा माणूस आमच्या आजी-आईंनी पाहिला होता. माझी सासू अक्षर शिकली नव्हती, पण बाबांचे सवाल तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होते. तुकडोजी महाराजांच्या भजनी मंडळांनी हेच काम पुढे नेलं. बंजाऱ्यांच्या तांड्यांवर संत सेवालाल महाराजांची शिकवण होतीच, तीही व्यसनाच्या विरोधातली. हे सगळं सांगणं नैतिक होतं आणि त्याची ताकद मोठी होती. ज्याचं मन वळायचं ते वळलं. ज्याचं शरीरच दारूच्या ताब्यात गेलं होतं त्याच्यासाठी मात्र भजनापलीकडे काहीच नव्हतं.

विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता. तो १९५९ मध्ये आमच्याकडे लागू झाला. माझं लहानपण त्याच काळातलं. पोलीस आले की पोडावर पळापळ व्हायची. मडकी फुटायची, सडवा मातीत ओतला जायचा, आणि बहुतेक वेळा हाती लागायची ती एखादी म्हातारी किंवा विधवा, कारण भट्टी लावून चार पैसे मिळवणारी तीच असायची. ती दोन दिवस ठाण्यात बसून परत यायची, नवी मडकी घ्यायची. दुसरं काम तिला कोणी दिलेलं नसायचं. जंगल मागे हटत गेलं तसा मोहही महाग झाला. त्याच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आला. पूर्वजांना चार थेंब वाहायच्या दारूची हातभट्टी झाली ती अशी, धाकाखाली, नाल्याच्या काठी, घाईघाईने. तिथे जाणती माणसं बसत नव्हती. पिणारा उभ्या उभ्या पिऊन निघून जाई. सोबतीचं बंधनही त्या नाल्यावर संपलं.

१९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीला विसरता येणार नाही. रोजगार हमीची कामं निघाली, खडी फोडणाऱ्या बायामाणसांना आठवड्याला रोख मजुरी मिळू लागली. त्याच साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि शेतकऱ्याच्या हाती चुकारा येऊ लागला. १९७३ मध्ये महाराष्ट्र देशी दारू नियम आले आणि परवानाधारक देशी दारूची दुकानं उघडली. मुख्यमंत्री तेव्हा वसंतराव नाईक होते, आमच्याच पुसदजवळच्या गहुलीचे. हरितक्रांतीचा आणि रोजगार हमीचा विचार करणाऱ्या या नेत्याबद्दल जिल्ह्यात आजही आदर आहे, मलाही आहे. बंदीच्या काळात वाढलेली हातभट्टी आणि तिच्यापायी होणारे विषबाधेचे मृत्यू सरकारला दिसत होते. नियंत्रणाखालची स्वच्छ दारू बरी, हा तेव्हाचा युक्तिवाद होता. पण परिणाम गावाने भोगला. ही नवी दारू उसाच्या मळीपासून कारखान्यात बनत होती, ट्रकने येत होती, बाटलीबंद होती आणि बाराही महिने रोज मिळत होती. मोहाच्या दारूला उरलेलं शेवटचं बंधन होतं कार्याच्या दिवसाचं. ते या बाटलीने संपवलं. निमित्त लागेना. सकाळी कामाला निघतानाही ‘पव्वा’ मिळू लागला.

या राज्यातल्या दारू विक्रीचा आधारभूत कायदा आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ हाच आहे. कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो. गावात अवैध दारू पकडली की याच कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा नोंदवला जातो. आणि याच कायद्याच्या छत्राखाली दिलेल्या परवान्यांतून राज्याच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त रुपये येतात. गाळणाऱ्याचा गुन्हा, विकणाऱ्याचा परवाना, राज्याचा महसूल, या तिन्हींच्या वह्या चोख आहेत.

आमच्या जिल्ह्याची अडचण त्याच्या शेजाऱ्यांमुळे आणखी वाढली. वर्धा जिल्ह्यात गांधीजींचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. दक्षिणेला आदिलाबाद तेव्हा आंध्रात होतं. तिथल्या नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या साक्षरता वर्गातल्या बायांनी सुरू केलेलं आंदोलन १९९२ मध्ये राज्यभर पसरलं, १९९३ मध्ये अरक ही तिथली देशी दारू बंद झाली आणि १९९५ मध्ये पूर्ण दारूबंदी आली. ती १९९७ मध्ये उठली. पूर्वेला चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गारच्या बायांनी चिमूरपासून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात दारूबंदी झाली. २०२१ मध्ये रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर तीही उठली. शेजारी बंदी आली की आमच्याकडच्या सीमेवरच्या दुकानांसमोर गर्दी वाढायची. वर्धा नदीच्या पुलापलीकडची माणसं वणीत येऊन पीत, आणि पेट्या रात्रीच्या वेळी पूल ओलांडत. एका जिल्ह्याने दार लावलं की दारू शेजारच्या दाराने वाहते. आमचा जिल्हा बरीच वर्षं ते शेजारचं दार होता.

म्हणूनच चंद्रपूरनंतर यवतमाळातल्या बाया पेटून उठल्या. महेश पवार यांच्या पुढाकाराने ‘स्वामिनी’ दारूबंदी आंदोलन उभं राहिलं. तांड्यांवरच्या, पोडांवरच्या, गावठाणातल्या बाया निवेदनं घेऊन तहसीलवर आणि जिल्हाधिकारी कार्यालयावर जाऊ लागल्या. संपूर्ण जिल्ह्यात दारूबंदी करा, ही त्यांची मागणी. ती मान्य झाली नाही. पण राज्याच्या २००८ च्या आदेशाने गावाच्या हाती एक हत्यार आधीच दिलं होतं. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं.

आमच्या गावात हे मतदान झालं तेव्हा मी सह्या गोळा करत घरोघर फिरले. एका पोडावरची आजी मला म्हणाली, “बाई, मले लिवता येत नाई, अंगठा चालन का? पन आडवी बाटली कोनती थे मले नीट दाखव. चूक नाई झाली पाह्यजे.” मी मातीत काडीने दोन्ही बाटल्या काढून दाखवल्या. तिने आडव्या बाटलीवर पाय ठेवला आणि म्हणाली, “हेच. माह्या दोन पोराईले हिनंच खाल्लं.” मतदानाच्या दिवशी कापूस वेचणीचा हंगाम होता. कित्येक बाया वेचायला गेलेल्या, काही कामासाठी परगावी. नियम असा, की आलेल्यांच्या निम्म्या पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्या लागतात. ज्या आल्या त्यांतल्या जवळपास सगळ्या आडव्या बाटलीच्या बाजूने होत्या, तरी पहिल्यांदा आम्ही हरलो. पुढच्या वेळी हंगाम टाळून मतदान घ्यायला लावलं आणि दुकान बंद झालं. त्या रात्री गावात बायांनी फेर धरला.

त्यानंतरच्या आठवड्यात जे घडलं त्याने या साऱ्या इतिहासाकडे पाहण्याची माझी दिशा बदलली. माझ्या हाताखाली शिकलेला एक माणूस, तोवर रोज पिणारा, दुकान बंद झाल्यावर दोन दिवस घरात पडून होता. हात थरथरत होते, अंगाला घाम सुटत होता. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे चढताना दिसू लागले, तो मेलेल्या बापाशी बोलू लागला आणि अंगणात झटका येऊन पडला. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. भगत बोलावला, अंगारा लावला. शेवटी कोणीतरी जीप केली आणि त्याला यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज दारूची सवय झालेल्या शरीराची दारू एकाएकी तुटली की असं होतं. काही तासांत कंप सुरू होतो, एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. त्यावर डायझेपामसारखी औषधं आहेत, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत. ती महाग नाहीत. तो बरा होऊन घरी आला.

मग वणीच्या सात माणसांची बातमी वाचली तेव्हा मला त्याचेच थरथरणारे हात आठवले. त्या सात जणांपैकी कोणाच्या शरीरात नेमकं काय चाललं होतं ते डॉक्टरच सांगू शकतील. पण दुकानं बंद झाल्यावर रोज पिणाऱ्या हजारो शरीरांत काय होणार हे वैद्यकशास्त्राला आधीपासून ठाऊक होतं. दुकानं बंद करण्याचा आदेश प्रत्येक तालुक्याला मिळाला. अशा माणसांसाठी गोळ्या आणि खाट तयार ठेवा, असा निरोप खेड्यातल्या आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचल्याचं आमच्या भागात कोणी पाहिलं नाही.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात सुमारे पावणेतीन टक्के लोक दारूवर अवलंबून आहेत, आणि अशा अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो, असं त्यात म्हटलं आहे. उरलेल्या सदतीस जणांना काय मिळतं ते मी गावात पाहिलं आहे. शिव्या, टोमणे, लॉकअप, बायकोचं मंगळसूत्र गहाण, आणि जडीबुटीच्या नावाने पैसे उकळणारे. आमच्या जिल्ह्यावर शेतकरी आत्महत्यांचं दुःख आहे. त्या घरांत गेलं की कळतं, कर्ज, नापिकी आणि दारू एकमेकांचे हात धरून आत शिरलेले असतात. चौकशीत ‘दारूच्या व्यसनामुळे’ असे शब्द आले की मदतीचा अर्ज अपात्र होण्याची भीती असते, म्हणून विधवा बाई नवऱ्याच्या आजाराचं नावच घेत नाही. तो जिवंत असताना कोणी त्याला आजारी मानलं नाही, आणि मेल्यावर त्याचा आजार बायकोच्या विरोधातला पुरावा झाला.

उपचार अशक्य नाही, हे आपल्याच माणसांनी दाखवून दिलं आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्यासह लोकांनी उभ्या केलेल्या चळवळीने १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली, आणि ती पुरेशी नाही हे ओळखून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ सुरू झालं. त्यात जनजागृती, गावाची संघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार, अशी चारही कामं एकत्र चालतात. गोव्यात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी अति पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत बोलायचं. तीन महिन्यांनी पाहिलं तर या पुरुषांपैकी ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पाने तीस गावांत स्थानिक कार्यकर्त्यांकरवी नैराश्यावरचे उपचार घरापर्यंत नेले. आधी दर शंभर नैराश्यग्रस्तांपैकी चार-पाच जण उपचाराला जात, ते प्रमाण सत्तावीसवर गेलं. म्हणजे वऱ्हाडातला माणूस आपलं दुखणं बोलायला तयार असतो. ऐकणारा त्याच्या गावात, त्याच्या भाषेत हवा.

मी दारूबंदीच्या बाजूची आहे आणि राहीन. आडव्या बाटलीवर पाय ठेवणाऱ्या त्या आजीला मी विसरणार नाही. दुकान दूर गेलं की नव्याने पिणारा पोरगा थांबतो, बाजाराच्या दिवशी मजुरी घरी येते, बाईला रात्री झोप लागते. पण बंदी दुकानाला लागते, आणि आजार माणसाच्या अंगात राहतो. उपचाराविना बंदी आली की आजारी माणूस हातभट्टीकडे, सीमेपलीकडे किंवा सॅनिटायझरकडे जातो. आणि बंदीविना उपचार केले तर बरा होऊन आलेला माणूस पहिल्याच बाजाराला पुन्हा पडतो. ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात मांडणाऱ्यांनी आमच्या गावात येऊन एक हिवाळा काढावा.

२०२१ मध्ये राज्याने आदिवासींना मोहफुलं वेचण्यावर, साठवण्यावर आणि नेण्यावर असलेली बंधनं उठवली. शंभराहून जास्त वर्षांचा एक अन्याय त्याने थोडा सरला. दुसरा अजून बाकी आहे. गुत्त्याच्या लिलावापासून आजच्या परवान्यापर्यंत प्रत्येक पिढीत दारू मोजणारा माणूस पगार देऊन नेमला गेला. दारूने आजारी पडलेल्याला मोजणारा आणि बरा करणारा माणूस आमच्या खेड्यात कधीच नेमला गेला नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. या जिल्ह्यातून दारूच्या करापोटी जे जमतं त्याचा ठरावीक वाटा याच जिल्ह्यात परत यावा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गोंडी, कोलामी, बंजारा आणि वऱ्हाडी बोलणारा एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. दारू तुटल्यावर लागणारी औषधं कपाटात असावीत आणि पाच-सहा दिवसांसाठी एक खाट राखून ठेवलेली असावी. ज्या गावात आडवी बाटली जिंकेल, तिथे दुकानाला कुलूप लागण्याआधी आशा ताईने रोज पिणाऱ्यांची घरं ओळखून त्यांना केंद्रात आणावं. भट्टीवर जगणाऱ्या बाईला दुसरं काम मिळावं. आमच्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडला आहे. प्रत्येक ग्रामसभेने तो मांडावा, आणि आमदार मतं मागायला आले की त्याची प्रत आधी त्यांच्या हाती द्यावी.